वेदनेला आकडा असतो

चाकण, भोसरी, तळवडे, कुठल्याही मशीन शॉपमध्ये शिरा. इन्स्पेक्शनच्या टेबलावर दोन टोकांची एक गुळगुळीत वस्तू पडलेली असते. प्लग गेज. एक टोक ‘गो’, दुसरं ‘नो-गो’. पाडलेल्या भोकात ‘गो’ सरळ गेलं पाहिजे आणि ‘नो-गो’ अडलं पाहिजे. दोन्ही झालं तर जॉब पास, नाहीतर रिजेक्शन. थेरगावात राहणारे कितीतरी लोक रोज शिफ्टला जाऊन हेच करतात. त्यांच्या हाताखालून न मोजलेली वस्तू सहसा पुढे जात नाही.

आता समजा, अशाच एखाद्या घरात वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमो झाली, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, ‘आता घरी न्या. सेवा करा.’ हे वाक्य आपल्याकडे किती घरांनी ऐकलंय! सेवा करायची म्हणजे नेमकं काय, ते मात्र त्या वाक्यात नसतं. मग कुणीतरी सांगतं, हॉस्पिस म्हणून एक प्रकार असतो. दुसरं कुणी सांगतं, घरी येऊन बघणारी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे पेशंटचा त्रास हलका करणारी, टीम असते. हे लोक चांगलं काम करतात की नुसतेच येऊन जातात, हे आपण कसं ओळखायचं?

प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार अवघड आहे. इतर दवाखान्यांची परीक्षा सोपी असते, पेशंट बरा झाला की पास. हॉस्पिसमध्ये बरं होण्यासाठी कुणी येतच नाही. ज्याने सेवा घेतली तो ती कशी होती हे सांगायला उरत नाही. आणि उरलेले नातेवाईक दुःखात इतके बुडालेले असतात की कुणी प्यायला पाणी दिलं तरी त्यांना उपकार वाटतात. अशा ठिकाणी दर्जा मोजायचा तरी कसा?

तरीही मोजता येतो! जगभरातल्या डॉक्टर-नर्सनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याची मापं शोधून काढली आहेत. त्यातली बरीचशी तुम्ही-आम्ही घरबसल्या, कुठलंही यंत्र न वापरता लावू शकतो. आणि प्रत्येक मापामागे माणसाच्या शरीराबद्दलची अशी एखादी गोष्ट आहे की ऐकून थक्क व्हावं.

मुळात ही वेळ आपल्यावर आली कधीपासून? त्याचं निम्मं उत्तर थेरगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. पवना ओलांडून पिंपरीत जा. 1954 साली तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. पुढच्याच वर्षी तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. त्याआधीच्या दशकात भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान होतं जेमतेम 32 वर्षं. माणसं न्यूमोनियाने, बाळंतरोगाने, पायाला लागलेल्या गंजक्या खिळ्याने जायची आणि आठवडा-पंधरा दिवसांत सगळं आटोपायचं. आज ते आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. लसी, स्वच्छ पाणी, पोटभर अन्न आणि पिंपरीत बनली तशी औषधं, या सगळ्यांनी मिळून ते घडवलं. त्याबरोबर मरणाची चालही बदलली. आता ते महिनोन्‌महिने घेतं. कॅन्सर, हृदय, किडनी, फुप्फुसं, विसरभोळेपणाचे आजार, सगळेच हळू चालणारे. माणसाच्या इतिहासात इतका लांब शेवट इतक्या लोकांच्या वाट्याला पूर्वी कधी आलाच नव्हता. त्यामुळे त्याची काळजी कशी घ्यायची याचं शास्त्रही तसं कोवळंच आहे.

ते सुरू झालं लंडनमध्ये. सिसिली साँडर्स नावाची बाई आधी नर्स होती, मग पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयात समाजसेविका झाली. तिच्या वॉर्डात डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला निर्वासित होता. हॉटेलात वेटरचं काम करायचा. कॅन्सर झालेला, जवळचं कुणी नाही. दोघं तासन्‌तास बोलत बसायचे की अशा माणसांसाठी एखादं वेगळं घर असावं. 1948 मध्ये तो गेला आणि जाताना तिच्या नावे 500 पौंड ठेवून गेला, तुझ्या त्या घराला माझी एक खिडकी असू दे म्हणून. साँडर्सबाईंनी काय करावं? तिशी ओलांडल्यावर त्या डॉक्टरकीला बसल्या, 1957 मध्ये डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. खिडकी आधी आली आणि तिच्याभोवतीची इमारत 19 वर्षांनी!

आपल्याकडे हे लोण आलं ते महाराष्ट्रातच. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, डॉ. लुईस डिसूझा यांनी 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू केलं. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. 1997 मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र उभं राहिलं. पेशंटसोबत घरचं माणूस तिथे राहू शकतं आणि उपचाराचे पैसे घेत नाहीत. थेरगावकराला सगळ्यात जवळचं मोठं केंद्र हेच. त्याशिवाय रुग्णालयांचे पॅलिएटिव्ह विभाग असतात, घरी येणाऱ्या टीम असतात, आणि हल्ली होम नर्सिंगच्या नावाखाली तासावर माणूस पाठवणाऱ्या एजन्सीही पुष्कळ झाल्या आहेत. नावं सारखीच वाटतात, कामात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर असतं. म्हणूनच मापं माहीत हवीत.

पहिलं माप पहिल्या भेटीतच लागतं. आलेली नर्स किंवा डॉक्टर फाइल उघडण्याआधी पेशंटला विचारते का, की किती दुखतंय? आणि उत्तराचा आकडा लिहून घेते का?

दुखण्याला आकडा? थर्मामीटरने ताप कळतो, पट्ट्याने बीपी कळतं, पण वेदना दाखवणारं यंत्र आजतागायत निघालेलं नाही. रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही. मग डॉक्टरांनी कमालीची साधी गोष्ट केली. ज्याला दुखतंय त्यालाच यंत्र मानलं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट. हा आकडा खोटा आहे का? मुळीच नाही, कारण इथे दोन माणसांची तुलना करायचीच नसते. काल आठ होता तो आज चार झाला का, एवढंच बघायचं असतं. एखादे आजोबा हे शून्य ते दहा ऐकून गोंधळतात. मग अनुभवी नर्स म्हणते, ‘आजोबा, रुपयातले किती आणे दुखतंय?’ आजोबा मिनिटभर विचार करतात. ‘काल सोळा आणे होतं बाई. आज सहा आणे असंल.’ झालं, नोंद झाली, आणि आता औषधाचा परिणाम कुणाच्या वाटण्यावर अवलंबून राहिला नाही.

कॅनडातल्या एडमंटन शहरात डॉ. ब्रुएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये याच युक्तीचा विस्तार केला. आज वापरात असलेल्या त्यांच्या एका पानाच्या तक्त्यावर नऊ गोष्टी असतात: वेदना, थकवा, मळमळ, भूक, दम लागणं, गुंगी, उदासपणा, काळजी आणि एकूण कसं वाटतंय. प्रत्येकाला शून्य ते दहा. दोन मिनिटांत माणसाचा अख्खा दिवस कागदावर उतरतो. आणि ज्यांना बोलताच येत नाही, जुना स्मृतिभ्रंश आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठीही पाच खुणा ठरलेल्या आहेत. श्वास कसा चाललाय, कण्हणं, चेहऱ्यावरच्या आठ्या, अंगाचा ताठरपणा, आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का. आपल्या आया-आज्या तान्ह्या बाळाचं पोट दुखतंय हे असंच ओळखत आल्या आहेत. शास्त्राने त्याला दहा गुणांची पट्टी दिली.

तेव्हा टीमकडे त्यांच्याच नोंदीचा कागद मागा. त्यावर ‘पेन प्लस’ किंवा ‘पेशंट स्टेबल’ एवढंच असेल तर सावध व्हा. आकडे असतील, तारखा असतील आणि ते खाली उतरताना दिसत असतील तर तुम्ही बऱ्या हातांत आहात.

आता दुसरं माप. मला विचाराल तर सगळ्यात मोठं हेच. फोनवर एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडे तोंडावाटे घ्यायची मॉर्फिन कायम असते का?’

मॉर्फिनचं नाव काढलं की आपल्याकडे चेहरे बदलतात. अफूच ना ती? हो, अफूतूनच निघते. दिवाळीच्या अनारशावर जी खसखस असते, त्याच झाडाची ती. खसखस म्हणजे बी आणि अफू म्हणजे हिरव्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणारा चीक. 1805 च्या सुमाराला सेर्टुर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याच्या विशीतल्या मदतनीसाने त्या चिकातून एक पांढरं स्फटिक वेगळं काढलं आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिलं. पण एका फुलाच्या चिकाने माणसाची वेदना का थांबावी? फुलाचं आणि आपलं नातं काय?

या कोड्याला उत्तर मिळायला पुढची पावणेदोनशे वर्षं लागली. 1973 मध्ये शास्त्रज्ञांना मेंदूत अशा जागा सापडल्या जिथे मॉर्फिन नेमकी जाऊन बसते. मग प्रश्न आणखीच गहन झाला: निसर्गाने आपल्या मेंदूत अफूसाठी जागा राखून ठेवलीच कशाला? 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून उत्तर काढलं. त्या जागा अफूसाठी नव्हत्याच. शरीर स्वतःच स्वतःसाठी वेदनाशामक बनवतं, आणि त्या जागा त्याच्या आहेत. वारीत पायाला फोड आलेले असतानाही माणूस चालत राहतो, अपघातात हाड मोडलेलं पहिली काही मिनिटं कळतही नाही, त्यामागे हा घरचा साठा असतो. खसखशीच्या झाडाने योगायोगाने त्याच आकाराचा रेणू बनवला. आजारात घरचा साठा अपुरा पडतो आणि आपण तो बाहेरून भरून काढतो.

साँडर्सबाईंनी दाखवून दिलं की ही गोळी पेशंट ओरडल्यावर द्यायची नसते, घड्याळ बघून द्यायची असते. साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून दर चार तासांनी. वेदना परतण्याआधीच पुढची मात्रा. मध्येच कळ उठली तर त्यासाठी वेगळा जादा डोस कागदावर लिहून ठेवलेला. असं दिल्यावर माणूस गुंगीत पडून राहतो ही भीती खोटी ठरली. सुरुवातीचे काही दिवस झोप येते, मग ती जाते, आणि आठवडे न झोपलेला माणूस उठून नातवाशी बोलायला लागतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणंही क्वचितच घडतं.

पण मग ती सगळीकडे मिळत का नाही? ही मात्र संताप आणणारी कथा आहे. अफूची परवानाधारक शेती करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात ती पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. तरी 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळाला व शिक्षेला घाबरून रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या काही वर्षांत देशातला तिचा वैद्यकीय वापर 90 टक्क्यांहून जास्त घसरला. पिकवणारे आपण आणि तळमळणारेही आपणच. 2010 मध्ये 40 देशांतल्या मरणाच्या दर्जाची एक जागतिक क्रमवारी लागली, त्यात भारत 40 वा होता. केरळात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार यांनी 1993 मध्ये कोझिकोडला सुरू केलेलं काम आणि त्यानंतरचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांतून 2014 मध्ये कायदा बदलला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना आता पूर्वीसारखे पाच-पाच परवाने लागत नाहीत. त्याच वर्षी भारतातल्या केंद्रांसाठी तज्ज्ञांनी किमान निकषांची एक यादी छापली. तिच्यात वेदनेची लेखी नोंद आहे आणि तोंडी मॉर्फिनचा अखंड पुरवठाही आहे. म्हणजे आज जर एखादं केंद्र ‘आम्ही मॉर्फिन ठेवत नाही, पेनकिलरने भागवतो’ म्हणालं, तर ते कायद्यामुळे अडलेलं नाही. त्यांनी ते मनावर घेतलेलं नाही.

आणि मॉर्फिन देणारं केंद्र खरंच जाणकार आहे का, हे कशावरून ओळखायचं? चिठ्ठीवर मॉर्फिनच्या खाली काय लिहिलंय ते बघा. जुलाबाचं औषध हवं! पोट साफ होण्याची गोळी किंवा पातळ औषध, पहिल्याच दिवसापासून. कारण मेंदूत सापडलेल्या त्या जागा आतड्याच्या भिंतीतही आहेत. मॉर्फिन तिथेही बसते आणि आतड्याची हालचाल मंदावते. मळमळ जाते, गुंगी जाते, शरीर त्यांना सरावतं. बद्धकोष्ठाला मात्र ते कधीच सरावत नाही. त्यामुळे ज्याला हे काम येतं त्याच्या हातून दोन्ही औषधं एकत्रच लिहिली जातात. हे या कामातलं ‘गो, नो-गो’ आहे. एका ओळीवरून निकाल लागतो.

तिसरं माप नाकाने लावायचं. तंबाखू, मिशरी, गुटख्याने आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण किती आहे हे वेगळं सांगायला नको. हा कॅन्सर गालातून फुटून बाहेर येतो तेव्हा जखमेला असह्य वास सुटतो. नातवंडं खोलीत यायची थांबतात, शेजारी दारातूनच विचारपूस करून परततात, आणि तो माणूस चादर तोंडावर ओढून भिंतीकडे वळतो. मरणाआधीच माणसांतून उठतो. आता आश्चर्य ऐका. हा वास कॅन्सरचा नसतोच. हवा न मानवणारे काही जंतू मेलेल्या मांसावर वाढतात, वास त्यांचा असतो. आणि त्या जंतूंवर चालणारं औषध कोणतं? आव पडल्यावर आपण घेतो ती मेट्रोनिडाझोल! त्याच स्वस्तातल्या गोळीची पूड जाणती नर्स ड्रेसिंग करताना जखमेवर पसरते. बहुतेक वेळा काही दिवसांत वास ओसरतो आणि नातू परत खाटेवर येऊन बसतो. ज्या वॉर्डात किंवा घरात फिनेलचा आणि उदबत्तीचा घमघमाट आहे, तिथे वास झाकलाय. जिथे कसलाच वास नाही, तिथे तो घालवलाय.

दमाचंही असंच. फुप्फुसाच्या पेशंटला धाप लागली की घरच्यांची पहिली धाव ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे असते. 2010 मध्ये केंब्रिजच्या काही संशोधकांनी धाप लागणाऱ्या 50 लोकांना हातात धरायचा छोटा पंखा दिला. पाच मिनिटं चेहऱ्यावर वारा, पाच मिनिटं पायावर वारा. पायावरच्या वाऱ्याने विशेष काही झालं नाही. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप कमी वाटू लागली! गालाच्या आणि नाकाभोवतीच्या त्वचेवर गार हवा लागली की तिथली नस मेंदूला सांगते, हवा मिळतेय, घाबरू नकोस. रक्तातला ऑक्सिजन ज्यांचा ठीक असतो त्यांना सिलिंडरपेक्षा उघडी खिडकी आणि हा पंखा पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो. चांगली टीम हे घरच्यांना हातात पंखा देऊन शिकवते. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरायचा, नाकाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सावकाश फिरवायचा. त्याच वेळी कूस कशी बदलायची, चादर पेशंटखालून कशी सरकवायची, कोरड्या ओठांना ओला कापूस कसा लावायचा, हेही. टीम गेल्यावर तुमच्या हातांना काल येत नव्हतं असं काही आज येतंय का? नसेल, तर ती भेट फुकट गेली.

थेरगावसारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी विचाराव्याच लागतात. पहिली, रात्रीचा फोन. दुखणं शिफ्ट बघून येत नाही. रात्री दोन वाजता कोण उचलणार, नर्स की रेकॉर्ड केलेला आवाज? करार करण्याआधी खरोखरच एकदा रात्री फोन लावून बघा, संकोच करू नका. दुसरी, गावाची. इथले किती आईवडील लातूर, बीड, जळगाव, साताऱ्याहून उपचारासाठी आणलेले असतात. शेवट जवळ आल्यावर त्यांना आपल्या अंगणात जायचं असतं. टीम त्या वेळी हात झटकते, की किती दिवसांची औषधं, कोणता कागद, तिथल्या डॉक्टरांना काय सांगायचं, अडलं तर फोन कुणाला, हे सगळं जुळवून देते? खरी नियत इथे दिसते.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. ‘डॉक्टर, किती दिवस आहेत?’ याचं ठाम उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का? 2000 मध्ये शिकागोतल्या क्रिस्टाकिस आणि लॅमोंट यांनी हॉस्पिसमध्ये जाणाऱ्या 468 पेशंटबद्दल त्यांच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला आणि मग थांबून पाहिलं. अंदाज बरोबर निघाले फक्त 20 टक्के. सरासरीने डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा पाच पटींहून जास्त आयुष्य सांगितलं होतं. आणि गंमत बघा, डॉक्टरांची पेशंटशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला! जीव लागला की डोळेही आशेच्या बाजूने झुकतात. म्हणून चांगली टीम तारीख देत नाही. ‘दिवसांत आहे, आठवड्यांत आहे की महिन्यांत’ एवढं सांगते आणि पुढे काय काय दिसेल ते आधीच समजावते. भूक जाईल, ते शरीराचं मिटत जाणं आहे. जबरदस्तीने भरवू नका, सलाइनचा हट्ट धरू नका, त्या पाण्याने छातीत खरखर वाढू शकते. श्वास थांबून थांबून येईल. घशात घरघर होईल. ऐकायला भयंकर वाटेल, पण पेशंट तोपर्यंत बहुधा बेशुद्धीत असतो, कुशीवर वळवलं तरी ती कमी होते. हे आधी माहीत असलेलं घर रात्री तीनला रिक्षा शोधत आयसीयूकडे पळत नाही.

पेशंटला स्वतःला काय हवंय हे टीमने विचारलं का, हेही बघा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलं आणि 2023 मध्ये सोपं केलं, की माणूस शुद्धीत असताना, दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आपली इच्छा लिहून ठेवू शकतो: मला व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग 42 वर्षं तिथेच खाटेला खिळून होत्या, त्यांच्या खटल्यातून देशात या चर्चेला तोंड फुटलं होतं.

आणि त्या घरघरीच्या वेळी बोलत राहा, असं टीम सांगते का? 2020 मध्ये व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या पेशंटच्या डोक्याला तारा लावून संशोधकांनी त्यांना सूर ऐकवले. शेवटच्या तासांत, कशालाच प्रतिसाद न देणाऱ्यांपैकी काहींचे मेंदू सुरांमधला बदल निरोगी तरुणांच्या मेंदूंसारखाच टिपत होते! अभ्यास थोड्याच पेशंटवरचा आहे, ते कितपत समजत होते हे त्यातून कळत नाही. तरी आवाज आत पोहोचत होता. खाटेभोवती वाटण्यांची भांडणं नकोत, एवढं तरी यातून घ्यावं.

अमेरिकेत 2015 पासून पेशंट गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी घरच्यांना प्रश्नावली पाठवतात. रात्री-सुट्टीच्या दिवशी मदत वेळेवर आली का, तुम्हाला शिकवलं का, तुमच्या माणसाला मानाने वागवलं का. आयुष्याच्या अखेरच्या तीन दिवसांतल्या किमान दोन दिवशी नर्स किंवा समाजसेविका प्रत्यक्ष आली का, हेही मोजतात आणि निकाल सगळ्यांना बघायला ठेवतात. आपल्याकडे अशी प्रश्नावली घरोघरी येत नाही. पण तिची देशी आवृत्ती तुमच्या सोसायटीतच आहे. ज्या घरात गेल्या वर्षभरात असं कुणी गेलं, त्या घरच्या वहिनींना विचारा. कोण आलं होतं, शेवटच्या आठवड्यात किती वेळा आलं, आणि तेराव्यानंतर कुणी फोन करून ‘तुम्ही जेवता का, झोपता का’ विचारलं का? तो फोन आला असेल, तर त्या टीमचा नंबर मागून घ्या.

नंबर कधी लावायचा? लोक अगदी शेवटच्या आठवड्यात लावतात, ‘आताच कशाला’ म्हणून. बोस्टनमधल्या डॉ. टेमेल यांनी फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर झालेल्या 151 लोकांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच उपचारांबरोबर पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. 2010 मध्ये निकाल आला. दुसऱ्या गटाचं मन जास्त ताळ्यावर होतं, दिवस जास्त बरे गेले, शेवटी शेवटी इंजेक्शनं-केमोचा मारा कमी झाला. आणि ते जास्त जगलेही! मध्यावरचा पेशंट पहिल्या गटात 8.9 महिने, दुसऱ्यात 11.6 महिने. कॅन्सरवरचं कुठलंही जादा औषध न देता.

म्हणून घरात मोठा आजार निघाला की त्याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना विचारा, ‘इथे पॅलिएटिव्ह केअर कोण बघतं?’ केमो चालू असतानाच विचारा. थेरगावात, चिंचवडात रुग्णालयं आहेत, त्यांच्या ओपीडीत विचारा. आणि वारज्याला आधी फोन करून, वेळ घेऊन एकदा जाऊन या. डांगे चौकातून वाकडला हायवेला लागलं की ते केंद्र वीस किलोमीटरच्या आत आहे.